त्सुनामी : निरंक

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडहून कुठल्याही दिशेला निघालं तरी चारशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. पण आपत्तीच्या जोखमीचा तक्ता एकदा साच्यातून छापला गेला, की तो जसा अलिबागला जातो तसाच मुखेडलाही येतो, आणि अव्वल कारकुनाला त्सुनामीच्या रकान्यासमोर काहीतरी लिहावंच लागतं. रिकामा रकाना वर गेला तर शेरा घेऊन खाली परत येतो, हा कचेरीतला सगळ्यात जुना नियम. ‘लागू नाही’ लिहिलं तर ‘का लागू नाही, खुलासा करावा’ असं पत्र येण्याची भीती. म्हणून तिथे ‘निरंक’ हा भारदस्त शब्द पडतो. निरंक म्हणजे गेल्या वर्षभरात मुखेड तालुक्यात एकही त्सुनामी आली नाही. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं प्रत्येक जिल्ह्याला आराखडा करायला लावला. जिल्हाधिकारी प्राधिकरणाचे अध्यक्ष, खाली तहसीलदार, त्याखाली मंडळ अधिकारी आणि अगदी तळाला तलाठी. या तलाठ्याचं 2024 मध्ये ‘ग्राम महसूल अधिकारी’ असं बारसं झालं, पण गावात कुणी विचारलं नाही आणि कुणी बदलही केला नाही. चावडीवर ते अजून ‘तलाठी साहेब’च आहेत. जोखीम मोजायची रीत सोपी आहे. आपत्ती येण्याची शक्यता 1 ते 5, तिची तीव्रता 1 ते 5, दोन्हींचा गुणाकार करायचा आणि येईल त्या आकड्याला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा. प्रत्येक आपत्तीला एक ओळ. भूकंपाला एक, पुराला एक, दुष्काळाला एक, विजेला एक. तक्त्यात त्या शाळेतल्या प्रार्थनेसारख्या हातभर अंतर ठेवून उभ्या असतात, एकीचा धक्का दुसरीला लागत नाही.

गावात मात्र या सगळ्या जणी एकाच घरात नांदतात, आणि एकीपासून वाचायला केलेला उपाय दुसरीला उंबऱ्याच्या आत घेऊन येतो. सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

हिरव्या रंगाचीच गोष्ट आधी. 1993 पर्यंत देशाच्या भूकंप नकाशावर किल्लारीचा परिसर पहिल्या, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या विभागात होता. दख्खनचं पठार म्हणजे काळ्या पाषाणाची बैठक, ती कशाला हलते, असा शास्त्रज्ञांचाही समज. जमिनीनं 1992 मध्येच बारीकसारीक धक्के देऊन आपलं म्हणणं मांडून बघितलं होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणपती बोळवून गाव गाढ झोपलेलं असताना, 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. सरकारी आकड्यानुसार 7,928 माणसं गेली. माणसं मेली ती भूकंपानं कमी आणि भिंतींनी जास्त. दीड-दोन हात जाडीच्या, दगड-मातीच्या भिंती आणि त्यावर माळवदाची जड माती. ती माती उन्हाळ्यात घर गार ठेवायची, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढत गेलेली. नकाशा नंतर सुधारला. 2002 मध्ये पहिला विभागच काढून टाकला गेला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला. म्हणजे आधी भूकंप झाला आणि मग तिथे भूकंपाचा धोका असल्याचं ठरलं. मराठवाड्यातल्या कचेऱ्यांना यात काही वावगं वाटलं नाही. त्यांचं काम याच क्रमानं चालतं.

भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी वसली. सरळ रेषेत रस्ते, समान प्लॉट, दोन घरांत मोकळी जागा, कागदावर सगळं देखणं. फक्त गल्ली नव्हती, वाड्याचा चौक नव्हता, आणि शेजारणीला हाक मारायची तर ओरडावं लागत होतं. पण किल्लारीचा खरा परिणाम त्या बावन्न गावांच्या फार पलीकडे, उदगीर-मुखेडच्या पट्ट्यातही दिसतो, आणि तो डोक्यावर असतो. माळवदाची धास्ती बसली. तात्पुरता निवारा म्हणून आलेले पत्रे लोकांच्या मनात कायमचे बसले. पत्रा पडला तरी जीव घेत नाही, हा हिशेब चूक नव्हता. ज्याला स्लॅब परवडला त्यानं स्लॅब टाकला, बाकीच्यांनी पत्रा.

आता पत्र्याचा स्वभाव. मे महिन्यात तो तव्याचं काम करतो आणि माणसं भाकरीचं. शिवाय तो हलका. भूकंपात जो गुण, तोच वादळात अवगुण. मृग लागायच्या आधी बालाघाटाच्या उघड्या माळांवर जे वारं सुटतं, त्यात पत्रा उडून तिसऱ्या शेतात सापडतो आणि वाटेत कुणाच्या मानेला लागला तर त्याची वेगळी ओळ भरावी लागते. त्यावर गावानं शोधलेला उपाय अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे : पत्र्यावर दगड. चांगले पाच-सात किलोचे, काळे, निवडून आणलेले. चारी कोपऱ्यांवर चार, मध्ये दोन, शिवाय सायकलचं जुनं टायर. एखाद्या शहाण्यानं जात्याची फुटकी तळीही ठेवलेली असते. छप्पर बघून वाऱ्याची दिशा सांगता येते, कारण पश्चिमेला दगड जास्त असतात.

21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला, पाठोपाठ दहा-अकरा मिनिटांनी 3.6 चा. नांदेड-परभणीपर्यंत भांडी वाजली. प्रशासनानं तत्काळ आवाहन केलं : घाबरून जाऊ नये, आणि ज्यांनी पत्र्याच्या छपरावर दगड ठेवले आहेत त्यांनी ते काढून घ्यावेत. सल्ला शास्त्राला धरून होता. भूकंपात पत्रा मारत नाही, पण पत्र्यावरचा दगड मारतो. माळवदाची माती टाळायला आणलेल्या पत्र्यावर लोकांनी हौसेनं परत डोक्यावर दगड चढवून घेतले होते, हे प्रशासनाच्या त्या दिवशी लक्षात आलं.

पण तारीख बघा. मार्चचा शेवटचा आठवडा. समोर एप्रिल, वळवाचे दिवस. म्हणजे भूकंपाच्या ओळीप्रमाणे दगड उतरवायचे, आणि वादळाच्या ओळीप्रमाणे छप्पर भक्कम करायचं. पत्रा नट-बोल्टनं, लोखंडी पाइपाला धरून आवळावा हे उत्तर दोन्ही ओळींत बसतं. फक्त त्याला वेल्डर लागतो, आणि वेल्डर पैसे मागतो. दगड फुकट असतो.

“दगूड काढलाव तर पत्रा उडतंय, ठेवलाव तर डोस्क्यात पडतंय,” असा पेच चावडीवर मांडला गेला, की तलाठ्याला दोन्ही परिपत्रकं तोंडपाठ असूनही उत्तर देता येत नाही. बहुतेक ठिकाणी पुढे काय झालं ते सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. धक्का बसला त्या दिवशी दगड खाली आले आणि भिंतीला टेकवून ठेवले गेले. पहिलं वारं सुटलं त्या संध्याकाळी तेच दगड वर गेले. 10 जुलै 2024 ला सकाळी सव्वासातला परत 4.5 चा धक्का बसला, तेव्हा ते वरच होते.

जमिनीच्या पोटातले आवाज हा या भागातला आणखी एक प्रकार. सप्टेंबर 2022 मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत असे आवाज येऊ लागले आणि गाव रात्र रात्र रस्त्यावर बसलं. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे तर या आवाजांसाठी कित्येक वर्षं बातम्यांत आहे. आवाज झाला की पहिला फोन तहसीलला जात नाही, पलीकडच्या गावातल्या सोयऱ्याला जातो. “तुमच्याकडं आला का?” आला असेल तर भूकंप, नसेल तर खाणीतला स्फोट किंवा कुणाच्या तरी विहिरीचा सुरुंग. भूकंपमापकाचा आकडा येईपर्यंत सोयऱ्यांच्या या जाळ्यानं केंद्रबिंदू काढलेला असतो, आणि तो फारसा चुकत नाही.

तर, आवाज आला, घरात झोपायचं नाही. बाहेर अंगणात, रस्त्यावर, शेतात वाकळ टाकून झोपायचं. इथे तक्त्यात नसलेली एक आपत्ती हळूच येते.

मण्यार हा साप रात्रीचा हिंडतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या उबेला येतो आणि चावला तर बहुतेकदा कळतसुद्धा नाही. दुखत नाही, सुजत नाही. पहाटे पोट दुखतं म्हणून माणूस उठतो, पापण्या जड होतात, घरातले म्हणतात झोप झाली नाही, ओवा खा. भूकंपाच्या धास्तीनं सप्टेंबरच्या ओल्या रात्री अंगणात झोपलेल्या गावाला भूकंपापेक्षा या पट्टेवाल्या पाहुण्याचा धोका जास्त असतो, पण त्याची ओळ भूकंपाखाली येत नाही, पुराखाली येत नाही, आणि स्वतंत्रही नाही. भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी 58,000 माणसं मरतात असा 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. किल्लारीच्या सातपट, दर वर्षी, आणि कुठेही भोंगा वाजत नाही. महाराष्ट्रात सापाचा हिशेब गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं असलेल्या शेतकरी अपघात योजनेत होतो : कृषी खातं, वारसांना 2 लाख. म्हणजे कागदोपत्री साप हा निसर्ग नसून शेतीचं अवजार आहे.

मुखेडचं नाव वैद्यकीय वर्तुळात ज्या एका कारणानं माहीत आहे, ते कारण नेमकं हेच. इथले डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करण्यात आणि गावोगाव जाऊन, शाळांत बोलून लोकांना मांत्रिकाकडून दवाखान्याकडे वळवण्यात आयुष्य घातलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर चालणारी लस तालुक्याच्या ठिकाणी वेळेत मिळाली तर माणूस वाचतो, हे साधं गणित त्यांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं. उपायही असा की त्याला गुणाकार लागत नाही : खाटेवर झोपा, मच्छरदाणी खोचून घ्या. आता भूकंपाच्या रात्री खाट घराबाहेर काढायची, तर ती दारातून निघत नाही. घरात खाट आधी आली होती आणि दार नंतर बसवलं होतं.

दुष्काळाची ओळ या तालुक्यात सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सरावाची. मुखेड म्हणजे माळरान, डोंगर-उतार, पाणी पडलं की निघून जाणार. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या आणि कामासाठी हैदराबाद गाठणाऱ्यांच्या तालुक्यांत याचा नंबर वरचा. इथे पूर्वी दुष्काळ पैशात मोजायचे. आणेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली की दुष्काळ, एकावन्नला सुकाळ. तो एक पैसा कुठे गेला यावर मंत्रालयापर्यंत मोर्चे गेले. 2016 मध्ये केंद्रानं नवी संहिता आणली, त्यात उपग्रह आला, पिकांच्या हिरवेपणाचा निर्देशांक आला. वरून बघणाऱ्याला हिरवं ते हिरवं. सोयाबीन करपलं तरी बांधावरची वेडी बाभूळ टवटवीत असते, कारण तिला पाऊस लागत नाही आणि पीक विमाही.

त्याच 2016 सालानं शेजारच्या लातुरात तक्त्याची जी फजिती केली, ती विसरण्यासारखी नाही. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून तिथे जमावबंदी लागली. पाचापेक्षा जास्त माणसांनी टाकीजवळ जमायचं नाही, असा हुकूम निघाला. घागर घेऊन रांगेत सहाव्या नंबरला उभी असलेली बाई कायद्याच्या दृष्टीनं काय होती, हा प्रश्न कुणी निकाली काढला नाही. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणींची. देशभरातून कॅमेरे आले. आणि त्याच पावसाळ्याच्या शेवटी अतिवृष्टी झाली, कोरडं ठाक मांजरा धरण भरलं, ओढ्या-नाल्यांनी गावं वेढली. ज्या कंट्रोल रूमनं एप्रिलमध्ये पाणी आणायची धावपळ केली तिनंच पाच-सहा महिन्यांनी पाण्यातून माणसं काढायची केली. तक्त्यात दुष्काळ आणि पूर यांच्यामध्ये चार ओळी असतात. लातुरात एकच उन्हाळा होता.

दुष्काळावरचा मोठा उपाय म्हणजे धरण. मुखेड तालुक्यात गोणेगावजवळ लेंडी नदीवर धरण बांधायचं ठरलं ते गेल्या शतकात, 1980 च्या दशकात. महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र, आता तेलंगण, अशा दोघांचा प्रकल्प. दोघांचा असल्यामुळे तो कुणाचाच झाला नाही, आणि चार दशकं नदी आपली वाहत राहिली. मुक्रमाबाद आणि आसपासच्या बुडीत गावांमध्ये ‘आमचं गाव धरणात जाणार आहे’ हे वाक्य ऐकत एक पिढी जन्मली, शाळेत गेली, लग्न झालं, तिचीही पोरं शाळेत गेली. घर दुरुस्त करावं तर ‘जाणारच आहे’, सोडावं तर ‘अजून कुठं गेलंय?’ पुनर्वसनाचे प्लॉट, घरांचा मोबदला, वाढीव कुटुंबं यांचे वाद सुटायचे राहिले. 2025 च्या उन्हाळ्यात धरणाची घळभरणी झाली. लोक जुन्याच गावांत होते.

17 ऑगस्ट 2025, रविवार. त्या रात्री मुक्रमाबाद भागात 206 मिलिमीटर पाऊस पडला; वरून लातूर, उदगीर आणि कर्नाटकच्या बाजूचंही पाणी आलं. सोमवार उजाडला तेव्हा रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली ही गावं पाण्यात होती. मुख्यमंत्र्यांनी त्या दिवशी एकट्या रावणगावात 225 माणसं अडकल्याचं सांगितलं. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या, छत्रपती संभाजीनगरहून लष्कराची तुकडी निघाली. हसनाळची माणसं गेली; दावणीला बांधलेली जनावरं दावणीलाच गेली. पोळा चार दिवसांवर होता.

ज्या तालुक्याला पाणी नव्हतं म्हणून धरण बांधलं, त्याच तालुक्याची गावं त्या धरणाच्या फुगवट्यात सापडली. याला दुष्काळाच्या ओळीत टाकायचं, पुराच्या की पुनर्वसनाच्या? पुनर्वसन ही नैसर्गिक आपत्ती नसल्यामुळे तिची ओळच नाही.

पावसाळ्याआधी दर मे महिन्यात आढावा बैठक होते. त्यात दोर, टॉर्च, लाइफ जॅकेट यांची मोजदाद आणि गावोगावच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांची यादी मोबाइल नंबरांसह सादर होते. असली यादी कधी वाचून बघावी. पोहणारा म्हणजे जवान गडी, आणि दुष्काळी तालुक्यातला जवान गडी म्हणजे हैदराबादला बांधकामावर किंवा पुण्याला कंपनीत. नंबर लागतो, पण तिकडून आवाज येतो, “साहेब, मी चाकणला हाव. आमच्या अण्णाला पाठवू का?” अण्णांचं वय बासष्ट. पोहणं शिकले ते विहिरीत, जिला गेल्या आठ वर्षांत पोहण्याइतकं पाणी नव्हतं.

शहरांलगतच्या नद्यांना निळी आणि लाल पूररेषा आखतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. ऐकणाऱ्याचा समज असा होतो, की गेल्या वर्षी शंभरीचा पूर येऊन गेला, आता नातवाच्या नातवानं बघावं. खरा अर्थ असा, की तेवढा पूर दर वर्षी शंभरात एका शक्यतेनं येऊ शकतो, आणि तीस वर्षं त्या रेषेच्या आत राहणाऱ्याच्या वाट्याला तो येण्याची शक्यता चारात एकाहून थोडी जास्त भरते. लेंडीकाठच्या गावांत रेषेचं काम मारुती करतो. पाणी वेशीतल्या मारुतीच्या पहिल्या पायरीला लागलं तर शेळ्या सोडायच्या, तिसरीला लागलं तर माणसं हलवायची. ही मोजपट्टी बिनचूक आहे, एवढंच की मारुतीनं धरणाची घळभरणी धरून हिशेब केलेला नसतो.

पाऊस गावात पडतो आणि मंडळात मोजला जातो. महसूल मंडळ म्हणजे दहा-वीस, कधी त्याहून जास्त गावांचा जुडगा, आणि त्यात एक स्वयंचलित यंत्र, कुणाच्या तरी मोकळ्या जागेत, तारेच्या कुंपणात. यंत्रानं 24 तासांत 65 मिलिमीटर सांगितलं तर ती अतिवृष्टी, 63 सांगितलं तर नुसता पाऊस. जांबच्या बाजूला ढग फुटावा आणि यंत्राच्या डोक्यावर ऊन असावं, हे दर मोसमात घडतं. आपल्या गावची माती वाहून नाल्यात गेलेली दिसत असते, पण ‘मंडळात पाऊस नाही’. त्यामुळे एरवी देवाकडे आपल्या शेतावर पाऊस मागणारा शेतकरी, पीक गेल्यावर यंत्रावर तरी पाड म्हणून मागू लागतो. विम्याची तऱ्हा आणखी निराळी. पूर्वी नुकसान झाल्यापासून 72 तासांत कळवावं लागायचं. शेतात पाणी, खांबाला वीज नाही, मोबाइलला चार्जिंग नाही, अशा अवस्थेत ॲपवर पाण्यात बुडालेल्या सोयाबीनचा फोटो चढवायचा. लोक त्यालाही सरावले. मग 2025 च्या खरिपापासून राज्यानं एक रुपयातला विमा बंद केला आणि स्थानिक आपत्तीचा निकषच काढून फक्त पीक कापणी प्रयोगावर भरपाई ठेवली. लेंडीला पूर आला तो त्याच खरिपात.

अमेरिकेत फेमा नावाची आपत्ती संस्था आहे. तिनं देशातल्या तीन हजारांवर काउंट्यांचा धोका अठरा आपत्त्यांसाठी मोजून नकाशावर मांडला. रीत अशी : वर्षाला किती डॉलरचं नुकसान होईल ते काढायचं, मग तिथले लोक किती दुबळे आणि समाज किती सावरणारा यावरून तो आकडा कमी-जास्त करायचा. हुशारीचं काम आहे. पण मूळ माप पैशाचं असलं, की जिथे घरं महाग तिथे धोका मोठा दिसतो, आणि विरळ वस्तीच्या गरीब काउंट्या नकाशावर निळ्या, निवांत दिसतात. मुखेडला तो नकाशा लावला तर अख्खं गाव वाहून गेलं तरी मुंबईतल्या एका बंगल्याच्या तळघरात शिरलेल्या पाण्याइतका आकडा भरणार नाही.

आपल्याकडेही माप पैशाचंच, फक्त दर ठरलेले. मदतीच्या निकषांत दुभत्या म्हशीला 37,500 रुपये, ओढकाम करणाऱ्या बैलाला 32,000, शेळीला 4,000. कपड्यांचे 2,500 आणि भांड्यांचे 2,500, कुटुंब केवढंही असो. पीक 33 टक्क्यांहून जास्त गेलं असेल तर हेक्टरी मदत. 32 टक्के गेलं तर ते शेतकऱ्याचं आणि देवाचं खासगी प्रकरण. त्या वर्षी मराठवाडाभर पुन्हा पुन्हा अतिवृष्टी झाल्यावर 7 ऑक्टोबर 2025 ला राज्यानं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. एवढा आकडा वरून निघतो, पण खाली पोचतो तो पंचनाम्यातूनच.

आणि पंचनामा म्हणजे वही, पेन, पाच पंच आणि अख्खं गाव. जून 2024 पासून जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला असल्याशिवाय भरपाई नाही.

“मामा, म्हशीचा बिल्ला नंबर सांगा.”

“कानात हाय की.”

“म्हैस कुठाय?”

“तेच तर लिवून घ्यायलाव तुम्ही.”

नंबर पशुवैद्यकाच्या मोबाइलमध्ये असतो, त्यामुळे म्हशीचं एक वेळ जमतं. खरी पंचाईत कोंबड्यांची. कोंबडीला प्रति नग 100 रुपये, पण तिला बिल्ला नाही, दाखला नाही, आणि दिवसभर ती कुणाच्या दारात चरते याला धरबंध नाही. घरमालकीण म्हणते चौदा. शेजारीण तिथेच उभी असते. ती म्हणते त्यातल्या तीन आमच्या, रात्री फक्त हिच्या खुराड्यात बसायच्या. पंचांपैकी एक जण आठवण करून देतो, की गेल्या आठवड्यात पाहुणे आले तेव्हा यातल्या दोन कमी झाल्या होत्या आणि जेवायला तोही होता. मालकीण विचारते, पिलं धरायची का? तलाठी साहेब मोबाइलवर शासन निर्णय उघडून वर-खाली करतात. पिलांबद्दल काही सापडत नाही, कोंबड्याबद्दलही नाही, आणि अंड्यावर बसलेल्या कोंबडीबद्दल तर कुणी विचारच केलेला नाही. मागे अजून चाळीस घरं राहिलेली असतात. शेवटी दोन्ही बायांना समोरासमोर उभं करून नऊ आणि तीन अशी वाटणी होते, दोघींचे अंगठे घेतले जातात, आणि पोटात गेलेल्या दोन कोंबड्या सर्वानुमते पुरात धरल्या जात नाहीत.